थांबवणारी तार

मी मेंदूतल्या थांबवणाऱ्या पेशींवर काम करते, आणि स्वतः मात्र चौकातल्या लाल दिव्यापाशी चडफडत उभी असते. भात मुरेपर्यंतही मला धीर निघत नाही. बँकेच्या रांगेत पुढचा माणूस पेनाचं टोपण शोधायला लागला की माझं डोकं तापतं. आई म्हणायची, "या पोरीला देवानं ब्रेकच बसवलं न्हाई." हे ती रागानं म्हणायची की कौतुकानं, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

थांबणं आमच्या घरात एकाच माणसाला येत होतं, माझ्या वडिलांना. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पा रेल्वेत होते. दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमची दोन खोल्यांची क्वार्टर होती, दारात शेवग्याचं झाड असलेली. त्यांची ड्यूटी मात्र दौंडला नव्हती. पुण्याच्या बाजूला एक लहान स्टेशन होतं, जिथं शटल सोडून सहसा काही थांबायचं नाही. तिथल्या केबिनमध्ये ते लिव्हर ओढायचे. केबिन म्हणजे रुळांच्या कडेची दुमजली खोली. वरच्या मजल्याला तिन्ही बाजूंनी काचा, आणि मध्ये एका ओळीत उभे केलेले लोखंडी लिव्हर, माझ्या त्या वेळच्या उंचीपेक्षा उंच. सिग्नलचे लाल, सांध्यांचे, म्हणजे गाडीची लाइन बदलायचे, काळे. मुठी इतक्या चकचकीत की त्यात तोंड दिसावं. आप्पा त्यांना उघडा हात लावत नसत. घामानं गंज चढतो म्हणून हातात कायम एक फडकं असायचं, आणि ते फडकं आईनं धुतलेलं त्यांना चालत नसे, स्वतःच धुवायचे.

मी शाळेत असताना सुट्टीत कधीमधी त्यांचा डबा घेऊन शटलनं तिथं जायची. जिना चढून वर गेलं की ते एका बाजूला बाकड्यावर बसवायचे आणि बजावायचे, "कशाला हात लावायचा न्हाई." मग मी नुसते प्रश्न विचारायची. मला उत्तरं देताना त्यांची नजर रुळांवरच असायची.

"सिग्नलचा हात आडवा म्हंजी थांब," ते सांगायचे. "खाली झुकला म्हंजी ये. हितनं लिव्हर वढला की ती तार ताणती. पार तिकडं, त्या बाभळीच्या पल्याड आउटर हाय, स्टेशनाबाहेरला सिग्नल, तिथवर तार गेलीया."

ती तार मला फार आवडायची. रुळांच्या कडेनं, छोट्या छोट्या चाकांवरून सरकत ती इतक्या लांब जायची की तिचं दुसरं टोक दिसायचंच नाही. इथं एक माणूस हात हलवतो आणि तिकडं माळावर एक लोखंडी हात मान तुकवतो.

"आन् तार तुटली तर?" मी विचारलं होतं.

"तुटली तर हात आपसूक आडवा व्हतो. वजन लावल्यालं असतंय त्याला. काय बी मोडू दे, गाडी थांबली पायजे, असंच बनवलंय समदं."

आणखी एक वस्तू तिथं होती, ती सांगायला हवी. खिडकीखाली खिळ्याला दोन-तीन लोखंडी कडी टांगलेली असायची. त्यांना कॉलर म्हणायचे. एखाद्या लाइनीवर गाडी उभी असली की त्या लाइनीच्या सिग्नलच्या लिव्हरला ही कॉलर घालायची. मग बोलता बोलता, विचारात, सवयीनं हात गेला तरी लिव्हर ओढता येत नाही. गाडी निघून गेली की कॉलर काढून परत खिळ्याला. माणूस विसरतो हे गृहीत धरून केलेली ती सोय होती. आप्पांना ती फार पटलेली होती. घरी मी उगाच तोंड चालवायला लागले की ते म्हणायचे, "हिच्या जिभंला एक कॉलर आणतो."

आता वासाचं सांगते.

आप्पांना मधून मधून ओल्या लोकरीचा वास यायचा. जवळपास मेंढरू नसताना यायचा. आम्ही मूळचे शिरूर तालुक्यातले, केंदूरच्या बाजूचे. माझे आजोबा, म्हणजे आप्पांचे वडील, मेंढरं घेऊन फिरायचे. आप्पांच्या पिढीत ते फिरणं संपलं. थोरले चुलते शेती करायला लागले, त्यांना सगळे आबा म्हणतात, आणि धाकटे आप्पा रेल्वेत लागले. पण आजोबांकडून आलेली एक रीत आमच्या घरात होती. वाटेत कुणाची मेंढरं आडवी आली तर त्यांच्यातून घुसायचं नाही. सगळी पार होईस्तोवर थांबायचं. कळप फोडणं म्हणजे मोठं पाप. ही झाली दिसणाऱ्या मेंढरांची गोष्ट. आजोबांना न दिसणारी मेंढरंही आडवी यायची. ओल्या लोकरीचा वास यायचा, मग ते काठीवर हनुवटी टेकून, खांद्यावर घोंगडी तशीच ठेवून निश्चल उभे राहायचे. घरचे म्हणायचे, वाडवडलांची मेंढरं चाललीत, त्यांना वाट द्या. आजोबा गेल्यावर तोच वास आप्पांना यायला लागला, आणि त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. शेताचा तुकडा वाटून आला तसाच हाही वाट्याला आला, असंच सगळ्यांनी धरलं.

आप्पा जेवता जेवता थांबायचे. घास हातात, नजर भिंतीवर. ओठ जरा हलायचे, काहीतरी चघळल्यासारखे. डाव्या हाताची बोटं धोतराचा सोगा चाचपत राहायची. हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. आई आम्हाला गप्प करायची आणि म्हणायची, "थांबा, आप्पांची मेंढरं चालल्यात." थोड्या वेळानं ते परत यायचे, इकडं तिकडं बघायचे आणि भाजी मागायचे. ताटात भाजी असायचीच.

हे सांगताना आज मला हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. कारण त्या तशा अवस्थेत ते केबिनमध्येही असणार, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलंच नाही. आप्पांच्या मात्र आलं होतं. त्यांनी त्यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. वास आला की आधी सगळे सिग्नल परत आडवे टाकायचे आणि मग खिडकीच्या गजाला धरून उभं राहायचं. मेंढरं पार झाली की पुन्हा कामाला लागायचं. बापानं शिकवलेलं आणि रेल्वेनं शिकवलेलं त्यांनी असं एकत्र बांधलं होतं. त्यात कधी एखादी गाडी आउटरला थोडी रखडायची. ड्रायव्हर शिटी मारायचे. कुणी खुलासा विचारला तर आप्पा म्हणायचे, गुरं आली होती रुळावर. तसं बघितलं तर ते फार खोटं बोलत नव्हते.

बारावीनंतर मला पुण्याला शिकायला जायचं होतं. आईचा सक्त विरोध होता. पोरीनं रोज एवढ्या लांब रेल्वेनं जायचं, अंधाराच्या आत घरी यायचं, वाटेत काही झालं तर कोण बघणार, असं तिचं एकच पालुपद. शेवटी ती तयार झाली ती एकाच कारणानं. "तुझा बाप वाटंवर उभा हाय म्हणून सोडते," ती म्हणाली. "त्याच्या हातनं गाडी जाती म्हणून." तिच्या लेखी पुण्यापासून दौंडपर्यंतचा सगळा लोहमार्ग आप्पाच चालवायचे.

मग तीन वर्षं मी पासवाली झाले. शटलमध्ये पासवाल्यांचं एक गाव असतं. आपापल्या जागा, आपापली भांडणं, ब्रीफकेसवर मांडलेला पत्त्यांचा डाव, कुणाच्या घरची शेंगदाण्याची चटणी. येताना आप्पांचं स्टेशन आलं आणि त्यांची दुपारपाळी असली की मी डाव्या बाजूच्या खिडकीशी जायची. आप्पा केबिनच्या खिडकीत हिरवं निशाण घेऊन उभे असायचे. मी ओढणी हलवायची. ते निशाण हलवायचे नाहीत, नियमात बसत नाही म्हणून, पण मान किंचित हलायची. माझ्या मैत्रिणींना याची फार गंमत वाटे.

दुसऱ्या वर्षातली गोष्ट. गाडी आप्पांच्या स्टेशनाच्या अलीकडं, आउटरला थांबली. थांबली ती थांबलीच. हिवाळ्याचे दिवस, ऊन उतरायला आलेलं, दोन्ही बाजूंना ऊस. आधी कुणाला काही वाटलं नाही. मग पत्त्यांचा डाव संपला, पेरूवाल्याची पाटी संपली आणि लोकांची तोंडं सुटली.

"केबिनवाला झोपला काय रं?"

"झोपंल न्हाई तर काय. हवा पडलीया झ्याक."

"अरे, घरी जाऊन जेवून येतो म्हणला असंल."

माझ्या शेजारच्या मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं आणि ओढणीत तोंड लपवून हसली. मीही हसले. आप्पांची मेंढरं चाललीत, मी मनात म्हटलं. मला भूक लागली होती आणि नेहमीप्रमाणं धीर धरवत नव्हता. दारात जाऊन मी वाकून बघितलं. पुढं सिग्नलचा हात आडवा, मावळतीच्या उन्हात लालभडक. ड्रायव्हरनं लांबच लांब शिटी मारली. त्यावर काहीच झालं नाही.

खूप वेळानं हात खाली झुकला आणि गाडी अगदी सावकाश निघाली. स्टेशनात मेन लाइनवर एक मालगाडी बिघडून उभी होती. आमची गाडी तिच्या शेजारच्या लाइनीनं गेली, इतकी जवळून की डब्यात अंधारून आलं. मी सवयीनं केबिनच्या बाजूच्या खिडकीशी गेले. केबिनमध्ये आप्पा नव्हते. स्टेशन मास्तर स्वतः निशाण घेऊन उभे होते आणि त्यांच्या अंगात कोटसुद्धा नव्हता. ओढणी हलवायला उचललेला हात मी खाली घेतला.

आप्पा माझ्यानंतर बऱ्याच वेळानं घरी आले, मास्तर सोबत होते. आप्पा धडधाकट दिसत होते. बुटांच्या नाड्या सोडून त्यांनी बूट नेहमीसारखे जोडीनं भिंतीला लावून ठेवले. आईनं चहा टाकला. मास्तर कडक माणूस म्हणून प्रसिद्ध होते, पण त्या दिवशी ते फार हळू बोलत होते.

"वहिनी, हे स्वतःहून माझ्याकडं आले. म्हणाले, मास्तर, मला खाली उतरवा. मी लिव्हरपाशी नको."

"का?" आई म्हणाली. "काय झालं?"

"काय झालं न्हाई," आप्पा म्हणाले. "मला मधनं मधनं कळंनासं व्हतं. गाड्या सोडायच्या जागी असा माणूस नसावा."

"अवो, ते तर कवाचं हाय. सासऱ्यांना बी व्हतं."

"ते मेंढरं वळत व्हते," आप्पा म्हणाले.

यापेक्षा जास्त ते काही बोलले नाहीत. मास्तरांनी चहा संपवला, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून आप्पा केबिनमध्ये गेले नाहीत, आणि पुन्हा कधीच गेले नाहीत.

पुढं रेल्वेच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. मी सोबत गेले, कारण मला पुणं माहीत होतं आणि मी 'सायन्सची' होते. आप्पांच्या डोक्याला चिकट मलम लावून जागोजागी तारा चिकटवल्या. एका यंत्रावर कागद सरकत होता आणि बारीक पेनं त्यावर रेघा काढत होती. आप्पा हलायचं नाही म्हणून डोळे मिटून पडले होते, पण बाहेर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "कितीक तारा व्हत्या गं?" मला मोजायचं सुचलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, ही फिट आहे. उजव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात सुरू होते. वास येणं ही तिची सुरुवात. मग भान जातं. आईला हे काही केल्या पटेना. "फिट म्हंजी फेस येतो, हातपाय झाडत्यात," ती म्हणाली. "ह्यांनी कवा हातपाय झाडलं?" डॉक्टरांनी समजावून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि एकही दिवस चुकवायची नाही असं दोनदा सांगितलं. आप्पांनी मान हलवली. नियम पाळायचा असतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

केंदूरला जाऊन हे आबांना सांगणं जास्त अवघड गेलं. एसटीनं चौफुला, न्हावरा, शिरूर करत आम्ही पोचलो तेव्हा आबा गोठ्यात होते. माझा चुलतभाऊ कारेगावच्या एका कंपनीत लागला होता, तो शिफ्टवरून नुकताच येऊन अंघोळीला बसला होता. आबांनी सगळं ऐकून घेतलं. 

"म्हंजी आपल्या बापाला आजार व्हता," ते शेवटी म्हणाले.

"व्हय," आप्पा म्हणाले.

"आन् ती मेंढरं?"

आप्पा गोठ्यातल्या दावणीकडं बघत राहिले. मला वाटतं, आबांना खरं दुःख झालं ते तेव्हा. भाऊ आजारी आहे याचं होतंच, पण इतकी वर्षं ज्यांना वाट दिली ती मेंढरं कधी नव्हतीच, हे त्यांना जास्त लागलं. मी तिथं काहीतरी शास्त्रीय बोलायला तोंड उघडलं होतं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि मी गप्प बसले. जिभेला कॉलर घालायचा तो माझा पहिलाच यशस्वी प्रयोग.

गोळ्या लागू पडल्या. थोडी सुस्ती यायची, पण भान जाणं थांबलं. वासही यायचा थांबला. एकदा शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता आप्पा मला म्हणाले, "बरं वाटतंय. पण बाप यायचा बंद झाला." एवढंच म्हणाले. मला त्या वेळी रडू आवरलं नाही. त्यांनी शेंगा बाजूला ठेवून माझ्या पाठीवरून हात फिरवला.

रेल्वेनं त्यांना मेडिकल अनफिट ठरवून दौंड स्टेशनात वेटिंग रूमवर दिलं. खुर्च्या पुसायच्या, पंखे चालू आहेत का बघायचे, कोणत्या वर्गाचं तिकीट आहे ते विचारायचं. नोकरी वाईट नव्हती. पण ज्या माणसाच्या हातातून गाड्या जायच्या तो आता गाड्यांची वाट बघणाऱ्यांच्या खुर्च्या पुसत होता. आईला ते लागलं. कॉलनीत हळदीकुंकवाला बायका बसल्या की कोण कुणाची कोण याचा एक क्रम असतो. गार्डाची बायको, ड्रायव्हरची बायको, केबिनवाल्याची बायको. आईची जागा त्यात खाली सरकली. तिनं तो राग बायकांवर काढला नाही, आप्पांवर काढला.

"कुणाला कळलं असतं?" ती म्हणायची. "आपण व्हऊन जाऊन सांगायची काय गरज व्हती? औषध चालू झालंच ना? राह्यला असता तसंच."

 आप्पा कधी पाणी मागत, कधी उठून बाहेर जात. हे वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकलं. भाजी खारट झाली तरी ते निघायचं, पाऊस लांबला तरी निघायचं. मलाही कधी कधी वाटायचं, खरंच, काय घडलं होतं असं? काहीच तर नाही. एक गाडी उशिरा आली. आप्पांनी जरा घाईच केली.

मी शिकत राहिले. पदवी झाली, पुढची झाली, आणि मग एका संशोधन संस्थेत मेंदूवरचं काम करायला लागले. घरच्या आजारामुळं मी या विषयात आले असं लोकांना सांगायला आवडतं. खरं सांगायचं तर जागा रिकामी होती म्हणून आले, आणि मग चिकटले. दिवसभर मी उंदराच्या मेंदूचे कागदापेक्षा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. मेंदूच्या वरच्या थरात बहुतेक पेशी चेतवणाऱ्या असतात. एकीनं सांगितलं की दुसरी पेटते, दुसरीनं सांगितलं की तिसरी. थोड्या पेशी थांबवणाऱ्या असतात. त्या नसत्या तर एक मेंढरू उडी मारतं म्हणून सगळा कळप उडी मारतो तसं सगळं एकदम पेटलं असतं. फिटमध्ये तेच होतं. या थांबवणाऱ्या पेशी बहुतेक आपल्या गल्लीपुरत्या असतात, आजूबाजूच्यांना गप्प करतात. पण त्यातल्या अगदी मोजक्या, वाचता वाचता हुकतील इतक्या मोजक्या, आपला एक धागा फार लांब पाठवतात. मेंदूच्या एका भागातून निघून पार दुसऱ्या भागात जाऊन तिथं थांब म्हणून सांगतात. त्या काळात आम्ही त्यांच्याबद्दल नुकतं कुठं वाचायला, बोलायला लागलो होतो. फिट येणाऱ्यांत त्यांचं काय होतं, विसरण्याच्या आजारात काय होतं, याची उत्तरं कुणाजवळ पक्की नव्हती.

पहिल्यांदा तो लांब धागा मला दिसला तेव्हा मी एकटी होते. हिरवा चमकणारा, एका कडेनं सरळ निघालेला, कापाच्या सीमेपर्यंत येऊन तुटलेला. पुढचं टोक दुसऱ्या कापात असणार. मला बाभळीच्या पल्याडचा आउटर आठवला आणि मी खुर्चीत मागं टेकून बसले. त्या दिवशी मला कसलीच घाई वाटली नाही.

आप्पा निवृत्त झाल्यावर ते दोघं केंदूरला आले. आबांच्या घराशेजारी दोन खोल्या बांधल्या. चुलतभावानं कारेगावात खोल्या बांधून बिहारकडच्या कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या आणि तो आता निम्मं हिंदीत बोलायचा. आबांनी मात्र पाच-सहा मेंढरं परसात ठेवलीच होती, हौस म्हणून.

मी सुट्टीवर गेले होते. संध्याकाळी आप्पा आणि मी ओट्यावर बसलो होतो. आत आई भाकरी थापत होती. एकदम आप्पा ताठ झाले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "वास आला का तुला?"

"कसला?"

"लोकरीचा."

"आला की. आबांनी आज मेंढरं धुतलीत, कातरायला. तिकडं बांधलीत बघा."

आप्पांनी श्वास सोडला. ओल्या मेंढरांचा वास आला की ते शेजारच्याला असं विचारून घेत, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्यालाही आला तर मेंढरं खरी.

त्यावरून बोलणं निघालं. मी काय करते असं त्यांनी विचारलं, आणि मी त्यांना तो लांब धागा सांगितला. तारेसारखाच असतो, म्हटलं, इथून निघतो आणि पार तिकडं जाऊन थांबवतो. ते डोळे बारीक करून ऐकत होते.

"आन् तुटली तर?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं, कारण हा माझाच प्रश्न होता. "तिथंच तर घोटाळा आहे आप्पा. तुमच्या सिग्नलची तार तुटली की हात आडवा होतो. मेंदूतली तुटली की थांब म्हणणाराच जातो. सगळे सिग्नल एकदम खाली."

आप्पा हसले नाहीत. समोर बघत राहिले. मला वाटलं, पुन्हा भान गेलं की काय. मी हाक मारणार, तेवढ्यात ते बोलले.

"त्या दिशी तसंच झालं व्हतं."

"कोणत्या दिवशी?"

"मालगाडी उभी व्हती मेनला. लिव्हरला कॉलर घातली व्हती मी. मंग वास आला. नेहमीवानी समदं आडवं टाकलं, गजाला धरलं. भानावर आलो तर गजापाशी नव्हतो. त्याच लिव्हरपाशी उभा व्हतो. आन् कॉलर माझ्या हातात व्हती."

मी त्यांच्याजवळ सरकले. 

"कवा काढली, ठावं न्हाई. सांधं मेनलाच, त्या मालगाडीकडंच लागलं व्हतं. लिव्हर वढायचा तेवढा राह्यला व्हता." त्यांनी उजवा हात पुढं करून बघितला, मग मांडीवर ठेवला. "तुझी गाडी आउटरला आली व्हती."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता. तो कधी थांबला ते मला कळलं नाही. आई दारात उभी होती, पिठाचे हात तसेच पुढं धरून.

"आन् हे इतकी वर्षं सांगायला तोंड शिवलं व्हतं का तुमचं?" ती म्हणाली. आवाज चिडलेला काढायला गेली, पण तो तिला साधला नाही. "मी येड्यावानी बोलत राह्यले. मास्तरांना ठावं, मला न्हाई?"

आप्पांनी तिच्याकडं शांतपणे बघितलं. "सांगितलं असतं तर तिला दुसऱ्या दिशी त्या गाडीत बसू दिलं असतंस का?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी आईकडं. त्या गाडीतून मी पुढची सगळी वर्षं पुण्याला गेले होते, परीक्षा दिल्या होत्या, खिडकीत बसून चटणी-भाकरी खाल्ली होती. माझ्या त्या एकेका दिवसासाठी आप्पांनी आईचं ते एक वाक्य ऐकून घेतलं होतं आणि उठून बाहेर गेले होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, भांडावंसंही वाटलं, आणि मी दोन्हीतलं काहीच न करता त्यांचा तो उजवा हात धरून बसून राहिले.

आई बराच वेळ दारातच उभी होती. मग आतून जळका वास आला तेव्हा तिघांनाही एकदम आला. तव्यावरची भाकरी करपली होती. आईनं ती टाकली नाही. खरवडून, तिचे तीन तुकडे करून तिनं आमच्या पुढ्यात ठेवले आणि ती आमच्याबरोबर ओट्यावर जेवायला बसली.